काशिनाथचं हिरवं पाणी

ॲसिडची बाटली उघडायच्या आधी काशिनाथ वारा बघायचा. बोट जिभेला टेकवून हवेत धरायचं, कुठली बाजू गार लागते ते पाहायचं आणि वाऱ्याकडे पाठ करून उकिडवं बसायचं. मग प्लॅस्टिकच्या टबात आधी पाणी, नंतर पेरॉक्साइड आणि सगळ्यात शेवटी ॲसिड, तेही बारीक धारेनं, टबाच्या कडेवरून. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. ॲसिड पाण्यात घालावं, पाणी ॲसिडात घालू नये, हे मलाही पाठ होतं; पण वाऱ्याचं मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा मी टबाच्या चुकीच्या बाजूला बसलो आणि खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं. काशिनाथ हसला नाही. हाताला धरून त्यानं मला आपल्या बाजूला ओढून घेतलं.

हा काशिनाथ रोह्याजवळ धाटावला आमच्या कंपनीत ऑपरेटर होता. आम्ही रंगासाठी लागणारी रसायनं बनवायचो. मी तिथे शिफ्टचा केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, साताऱ्याकडून आलेला, रोह्यात भाड्याच्या खोलीत राहणारा. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. कासूच्या पुढे खाडीकडे त्याचं गाव. बापाचा जन्म मिठागरात गेलेला, आणि हाही लहानपणी मिठागरातच राबलेला. रोज कासूहून गाडीनं रोह्याला यायचा, तिथून कंपनीच्या बसनं धाटावला. शिक्षण सातवी. नऊ वर्षं कंत्राटदाराच्या हजेरीवर होता आणि पर्मनंट व्हायची वाट बघत होता.

आमची गट्टी जमली ती एका मासिकामुळे. मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद होता. कंट्रोल रूममध्ये टेबलावर मी एक मासिक उघडं ठेवलेलं, त्यात घंटीचं सर्किट होतं. रीडिंग लिहायला आलेला काशिनाथ वाकून बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, यातला एक ट्रान्झिस्टर उलटा छापलाय. मला ते पटलं नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन मी ते सर्किट छापल्याप्रमाणे जोडलं, तर ते ढिम्म हललं नाही. ट्रान्झिस्टर फिरवला आणि घंटी वाजली. दुसऱ्या दिवशी हे त्याला सांगितलं, तर त्यानं फक्त मान हलवली. पेणला एका रेडिओवाल्याच्या दुकानात तो तरुणपणी सुट्टीच्या दिवशी नुसता बसायला जायचा. बसून बसून शिकला, असं त्याचं म्हणणं.

पहिली शिफ्ट तीनला सुटली की आठवड्यातून दोनदा तो माझ्या खोलीवर यायचा. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ आमचा कारखाना. ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फायबरच्या पट्टीवर तांब्याचा पातळ थर असतो. ज्या वाटेनं वीज जायला हवी तेवढ्या तांब्यावर रंगाच्या रेघा मारायच्या आणि पट्टी ॲसिडच्या पाण्यात सोडायची. उघडं तांबं विरघळून जातं, रंगाखालचं वाचतं. नंतर रंग खरवडला की तांब्याच्या वाटा उरतात. काशिनाथ याला ‘तांबं खायला घालायचं’ म्हणायचा. आणि पाणी जेवतंय तोवर कोणी टब हलवलेला त्याला खपत नसे. हलवायचा तो त्यानेच, एका बाजूनं किंचित उचलून, पाळण्याला झोका द्यावा तसा.

रेघांसाठी त्याला नेलपॉलिशच लागायची. बाकी कुठलाही रंग ॲसिडात सुटतो, असं त्यानं सगळे रंग करून पाहून ठरवलं होतं. रोह्याच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात जाऊन हा दाढी वाढलेला, खाकी कपड्यांतला माणूस लाल नेलपॉलिश मागायचा आणि बाटली उघडून स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचा. पातळ असली तर परत. दुकानातली बाई आधी घाबरायची, मग सवयीनं दोन-तीन बाटल्या काढूनच ठेवायला लागली. अंगठ्यावरचा तो लाल ठिपका कंपनीतल्या पोरांनी पाहिला आणि मग काय, महिनाभर त्याला ‘काशीबाय’ म्हणत होते. याला त्याचं काही नव्हतं. बायको म्हणते नवरा नेलपॉलिश आणतो आणि लावतो पत्र्याला, एवढं तोच त्यांना पुरवायचा.

आता माझी फजिती सांगतो. एकदा टबाला चीर गेली म्हणून मी घरातली ॲल्युमिनियमची परात घेतली. तेव्हा काशिनाथ आला नव्हता आणि मला दाखवून द्यायचं होतं की माझ्या एकट्यानेही होतं. ॲसिडचं पाणी परातीत पडताच फसफसून वर आलं, धूर निघाला, परात तापली आणि दगडावरून माझ्या पायांपर्यंत फेस आला. काशिनाथ दारातून धावला, त्यानं बादलीभर पाणी ओतलं आणि परात उचलून उजेडात धरली. तिच्या बुडातून आभाळ दिसत होतं. पदवीधर माणसानं ॲल्युमिनियममध्ये ॲसिड ओतावं याची मला इतकी शरम वाटली की हे कंपनीत कोणाला सांगू नका असं मी त्याला म्हणालो. त्यानं कधीही सांगितलं नाही. त्याच्या पोटात गोष्टी राहतात, हे मला तेव्हा कळलं, आणि पुढे मी त्याचा फायदाच घेतला.

तो वापरलेलं पाणी फेकत नसे. तांबं खाऊन खाऊन ते हिरवंगार व्हायचं. काशिनाथ ते कॅनमध्ये झाकण सैल ठेवून साठवायचा. पुन्हा वापरायच्या वेळी टबात ओतून त्यात माशांच्या पेटीतल्या पंपानं हवा सोडायचा आणि चमचाभर ॲसिड घालायचा. पाणी पुन्हा कामाला लागायचं. नव्या पाण्यानं दहा मिनिटांत होणारा बोर्ड या पाण्यानं दोन-अडीच तास घ्यायचा, एवढाच फरक. मला तेवढा धीर नव्हता. मिठागरात पाणी एका खणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत, उन्हावर सोपवून वाट बघत ज्याचं लहानपण गेलं, त्याला अडीच तास म्हणजे काहीच नव्हतं.

त्याच्या गावात बांधाला उघाडी आहे, म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं दार. उधाणाला पाणी दाराच्या वर चढलं तर भाताची शेतं खारी होतात आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे काही पिकत नाही. काशिनाथनं उघाडीवर एक घंटा बसवली होती. दोन तारा एका ठरावीक उंचीवर, खारं पाणी त्यांना टेकलं की देवळाजवळ घंटा वाजणार. बोर्ड घरचाच, आमच्या अंगणात खायला घातलेला. बसवल्यावर तिसऱ्याच दिवशी भर दुपारी घंटा वाजली. अख्खा गाव फावडी-घमेली घेऊन बांधावर धावला. पाहतात तर ओहोटी, आणि दोन्ही तारांवर पाय ठेवून एक ओला खेकडा बसलेला. लोक याच्यावर चिडायचे सोडून हसत सुटले. काशिनाथ मला म्हणाला, चला, खेकड्यानं टेस्टिंग केली. मग त्यानं तारांना जाळी लावली. त्या पावसाळ्यात घंटा दोनदा खरी वाजली, आणि गावात त्याचं नाव झालं. देवळाच्या बैठकीत आता त्याला विचारलं जायचं. हे त्यानं मला दोन-तीनदा सांगितलं, आणि एरवी तो स्वतःबद्दल काही सांगणारा नव्हता.

त्याचा एक नियम होता. कंपनीत ॲसिडच्या टाक्या भरलेल्या, पेरॉक्साइडचे ड्रम उभे. पण तो ॲसिड आणायचा हार्डवेअरच्या दुकानातून, संडास धुवायचं, पिवळट. पेरॉक्साइड औषधाच्या दुकानातलं, जखमा धुवायचं, पाण्यासारखं पातळ. मी त्याला एकदा वेड्यात काढलं, तर म्हणाला, “साहेब, कंपनीचा थेंब नाय न्यायचा. आज थेंब नेला का उद्या बाटली.” आमच्या शिफ्टमध्ये हातमोजे, साबण, पान्हे, काय काय घरी जायचं. याच्या डब्यात जाताना फक्त धुतलेला चमचा वाजायचा.

त्या वर्षी कंपनीनं दहा कंत्राटी लोकांना पर्मनंट करायचं ठरवलं होतं. यादीत काशिनाथचं नाव चौथं होतं. ते मीच त्याला ऑफिसातून बघून येऊन सांगितलं. मीही तेव्हा प्रोबेशनवर होतो आणि माझं कायम होण्याचं पत्र मॅनेजरसाहेबांच्या सहीसाठी अडलं होतं. गणपती जवळ आले होते. ऑफिसर्स कॉलनीच्या गणपतीचं सगळं मॅनेजरसाहेबांच्या घरचे लोक बघायचे. मखराला पळत्या दिव्यांचं सर्किट मी करून देतो, असं मी आपण होऊन सांगून बसलो. ते का सांगितलं हे उघड आहे.

काशिनाथनं बोर्डावर रेघा मारून दिल्या, चार बोर्डांवर, नेलपॉलिशच्या, हात न थरथरता. पण बाजारात चांगलं ॲसिड मिळेना. मिळालेल्या बाटलीत बहुतेक पाणीच होतं. काशिनाथ म्हणाला, हिरवं पाणी आहे की, एका रविवारी चारही होतील. मला रविवारपर्यंत थांबायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये मी त्याच्या हातात एक अर्ध्या लिटरची बाटली दिली आणि टाकीच्या सँपलच्या तोटीवरून भरून संध्याकाळी खोलीवर आण म्हणून सांगितलं.

तो बाटली हातात धरून उभा राहिला. “साहेब, गेटपास?”

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला खात्याच्या ऑफिसरच्या सहीचा पास लागायचा. पासबुक माझ्या केबिनमध्ये, माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. उठून तीस पावलं जायचं होतं. मी म्हणालो, अर्ध्या लिटरला कसला पास, गेटवर मी फोन करून सांगतो. तो तरीही घुटमळला. तेव्हा मी जरा आवाज चढवला. साहेबाचा आवाज चढला की कंत्राटी माणूस काय करणार. त्यानं बाटली भरली, कपड्यात गुंडाळली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली. मी फोन करायला विसरलो. विसरलो म्हणतो, पण खरं सांगायचं तर मला तो इतका क्षुल्लक वाटला की लक्षात ठेवावा असं वाटलंच नाही.

त्या आठवड्यात स्टोअरमधून पितळेचे व्हॉल्व्ह चोरीला गेले होते आणि गेटवर प्रत्येकाची झडती चालू होती. सव्वातीनला मला सिक्युरिटीच्या खोलीत बोलावलं. टेबलावर ती बाटली. मॅनेजरसाहेब खुर्चीत. काशिनाथ भिंतीशी उभा. मला बघून त्याचा चेहरा मोकळा झाला, अगदी स्पष्ट दिसलं मला ते. आता प्रश्न मिटला, असं त्याला वाटलं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, “हा काही बोलत नाही. फक्त म्हणतो, साहेबांना विचारा. तुम्ही सांगितलं होतं का याला?”

मला माझं पत्र दिसलं. दुसरं काही दिसलं नाही. मी म्हणालो, “मला यातलं काही माहीत नाही.”

इतकं सोपं असतं ते. मी कानांवर हात ठेवले आणि कोणीही मला दुसरा प्रश्न विचारला नाही. काशिनाथ माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, एखादं रीडिंग चुकलंय का म्हणून मीटरकडे पुन्हा बघावं तसा. मग त्यानं नजर काढून घेतली आणि सिक्युरिटीवाल्याला विचारलं, “डबा नेऊ का मी?”

कंत्राटी माणसाला काढायला पत्र लागत नाही, चौकशी लागत नाही. कंत्राटदाराला सांगितलं की झालं. यादीतलं चौथं नाव खोडून तिथे दुसरं लिहिलं गेलं. माझं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. आणि ते चार बोर्ड मी रविवारी अंगणात बसून त्याच्याच हिरव्या पाण्यात घातले, पंप लावून. अडीच तासांत चारही झाले. मखरावर दिवे पळाले. मॅनेजरसाहेबांच्या पत्नीनं सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी हात जोडून प्रसाद घेतला. त्या मोदकाचा घास गिळताना मला स्वतःची किळस आली होती, पण मी तो गिळला.

नंतर रोज वाटायचं, जाऊन सांगावं. मॅनेजरसाहेबांना सांगावं, निदान कासूला जाऊन काशिनाथचे पाय धरावेत. आज नको, सोमवारी; सोमवारी नको, पगार झाल्यावर. असं करत माझं लग्न झालं, मुलगी झाली, बढती झाली. आठ वर्षं मी मिठाची गुळणी धरून बसलो.

आठ वर्षांनी तो मला पेणच्या एसटी स्टँडवर भेटला. केस पिकले होते, अंगावर डोलवीच्या स्टील कारखान्यातल्या कंत्राटदाराचा गणवेश. मी तोंड चुकवायच्या आत त्यानं मला पाहिलं आणि जवळ आला. घरच्यांची चौकशी केली, सर्किटं करता का अजून म्हणून विचारलं. मी सोडून दिलं होतं. तो म्हणाला, घरी चला, चहा घेऊन जा, गाडीला वेळ आहे. नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं.

कासूहून पुढे रिक्षानं आणि मग चालत. घर लहान, सारवलेली ओटी. त्याच्या बायकोला, जनाबाईंना, मी पहिल्यांदाच बघत होतो. “चाय ठेव गो, कंपनीतलं साहेब आलंत,” असं सांगून काशिनाथ दूध आणायला गेला. जनाबाईंनी मला पाट दिला, पाणी दिलं, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “साहेब, एक इचारू? ह्यांनी कितींदा नेलेलं वो तां आसिड?”

नेलं का, असं नाही. कितीदा.

त्यांनीच पुढे सांगितलं. नवऱ्याला ॲसिड नेताना पकडल्याची बातमी त्यांना नळावर कळली होती, दुसऱ्या कामगाराच्या बायकोकडून. गाव म्हणालं, मग ती उघाडीवरची घंटाही चोरीच्याच आसिडाची असणार. बैठकीत याला बोलावणं बंद झालं. त्यांच्या भावाचा पेणला गणपतींचा कारखाना आहे. तिथे काम मिळत होतं, पण त्यांनीच भावाला नको म्हणून सांगितलं. नवऱ्याला त्यांनी विचारलं होतं तेव्हा, तो फक्त ‘व्हईल नीट’ एवढंच म्हणाला.

मी म्हणालो, “वहिनी, एकदाच. तेही मी आणायला सांगितलं म्हणून. माझ्या कामासाठी. त्यांनी पास मागितला होता, मी दिला नाही.”

त्यांनी विचारलं, “आनि पकडला तवा तुमी कुठं व्हतात?”

“तिथंच होतो. मला माहीत नाही म्हणालो.”

मला वाटलं होतं, त्या मला शिव्या देतील. मी त्यासाठी तयार होतो, मला त्या हव्याच होत्या. पण त्या मला विसरूनच गेल्या. हळूहळू खाली बसल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, “भावाच्या घरात मी ह्यांना कधी एकट्याला बसू दिलं नाय. मी उठलू तर ह्यांनाबी उठवायची. आठ वर्सां.”

एवढ्यात काशिनाथ दुधाची पिशवी घेऊन दारात आला. जनाबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्याला समजलं. पिशवी त्यानं कोनाड्यात ठेवली.

“सांगितलंत व्हय?” तो म्हणाला.

मी मान हलवली. म्हणालो, “तुम्हीच का नाही सांगितलं यांना, इतकी वर्षं?”

“मला वाटलं, तुमी दोन दिसांत बोलाल. मग आठ झालं. मग महिना झाला.” तो सावकाश बोलत होता. “मग वाटलं, आता मी सांगितलं तर ही म्हननार, इतकं दीस गप का बसलात, म्हंजी खोटंच आसंल.”

“निदान आज तरी खरं कळलं त्यांना,” मी म्हणालो. काय बोलतोय ते मला कळत नव्हतं.

“साहेब, खरं बोलायचं व्हतं तां गेटवर. तवा बोलला आसतात तर माझं काम झालं आसतं. आता फक्त तुमचं झालं.” मग जनाबाईंकडे हात करून म्हणाला, “तुमी मोकलं झालात. हिनं काय करायचं आता?”

मी उठलो. त्यानं थांबा म्हटलं नाही, चहाचं नाव कोणी काढलं नाही. ओटीवरून उतरून चपला घातल्या आणि चालू लागलो. गल्लीच्या वळणावर मागे वळून पाहिलं. जनाबाई तिथेच बसल्या होत्या, पदर तोंडावर ओढलेला, खांदे हलत होते. काशिनाथ त्यांच्यासमोर जमिनीवर बसला होता आणि त्यांच्या पायांवर हात ठेवून काहीतरी सांगत होता. माफी मागत असल्यासारखा.